वाचलेल्यांचे लेखन

नैसर्गिक आपत्तीतून एखादे कुटुंब कसे वाचले, याची हकिगत आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून आणि समाजाच्या नियतकालिकांतून अधूनमधून छापून येते. वाचक ती आस्थेने वाचतात, हळहळतात आणि पुढच्या पानाकडे वळतात. अशा लेखनाची समीक्षा करावी, असे सहसा कोणाला वाटत नाही. ज्याचे घर पडले त्याच्या लेखनातील उणिवा दाखविणे निष्ठुरपणाचे वाटते. शिवाय हा प्रकार साहित्याच्या उंबरठ्याबाहेरचा, अशी समीक्षकांची समजूत असते. आम्हाला ही दोन्ही कारणे पटत नाहीत. वाचलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर हा पुष्कळदा त्या घराचा, त्या गल्लीचा आणि त्यात गेलेल्या माणसांचा उरलेला एकुलता एक लेख असतो. तो पुरा उतरला की अर्धा, खरा उतरला की सोयीचा, हे कोणीतरी पाहायला हवे.

हा विचार आम्ही हिमायतनगरहून मांडीत आहोत, त्याला कारण आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडील हे गाव. जुनी माणसे अजून त्याला वाढोणा म्हणतात. पलीकडे पैनगंगा, तिच्यापलीकडे विदर्भ, आणि पूर्वेला थोडे गेले की तेलंगणाची हद्द. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. चक्रीवादळ हा शब्द आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या आकाशवाणीवरच्या बातम्यांतला होता. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रच्या दिवीसीमा भागात समुद्र आत शिरला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे बुडाली, ही वार्ताही येथे परमुलखातील दुःख म्हणूनच पोहोचली असणार. परंतु २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी 'गुलाब' नावाचे वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढले आणि तेथे विरून न जाता जमिनीवरून पश्चिमेकडे चालत आले. तेलंगणा ओलांडून २७ आणि २८ सप्टेंबरला त्याचा पाऊस मराठवाड्यावर कोसळला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नद्या-ओढे पात्र सोडून शेतांत शिरले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, माणसे दगावली. वादळाचा उरलेला अंश मग अरबी समुद्रात उतरला, तेथे पुन्हा बळावला, 'शाहीन' हे नवे नाव घेऊन ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळला. एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाणाऱ्या या वाटसराच्या वाटेवर आपण होतो, हे आमच्याकडच्या कित्येकांना पाऊस ओसरल्यावर समजले. येथे वादळ वाऱ्याने ओळखले जात नाही. ते पाणी होऊन येते, आणि लोक त्याला 'अतिवृष्टी' म्हणतात.

अतिवृष्टीनंतर आमच्या भागात जे लेखन सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक होते, त्याचे नाव पंचनामा. त्याकडे वाङ्मयाच्या नजरेने पाहण्याचा प्रघात नाही. पण एखाद्या कुटुंबाच्या हानीचा लेखी दाखला म्हणून मराठवाड्यात त्याच्याइतका रूढ प्रकार दुसरा नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की त्याची अतिवृष्टीत गणना होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात. गट क्रमांक, पिकाचे नाव, बाधित क्षेत्र, नुकसान तेहेतीस टक्क्यांच्या वर की खाली. घर कच्चे की पक्के, पडझड पूर्ण की अंशतः. जनावर दुधाचे की ओढकामाचे, मोठे की लहान. खाली पंचांच्या सह्या किंवा अंगठे. या मजकुरात एकही विशेषण नसते. 'भीषण', 'हृदयद्रावक', 'काळजाचा थरकाप उडविणारे' असे शब्द तेथे फिरकत नाहीत. जे होते ते आणि जे गेले ते, इतकेच. आम्हाला प्रामाणिकपणे असे वाटते की आपल्या स्मरणिकांतील पुष्कळ लेखांपेक्षा एखादा बरा पंचनामा अधिक वाचनीय असतो, कारण त्यात वस्तू असतात.

पण पंचनाम्याची मर्यादाही तितकीच उघड आहे. गेलेल्या वस्तूला जेवढी किंमत लावता येते, तेवढ्यापुरतीच त्याची दृष्टी जाते. वाहून गेलेल्या गायीची नोंद 'दुधाळ जनावर – एक' अशी होते; ती लेकीच्या माहेरपणासाठी राखलेली होती, हे तेथे बसत नाही. आणि पंचनामा एका दिवशी होतो. कुटुंबाचे वाचणे एका दिवसात होत नसते. त्या रात्री जो वाचला, तो पुढच्या चैत्रापर्यंत वाचला का, त्याने बियाण्याला पैसे कोठून आणले, मुलीची शाळा सुटली का, म्हातारा त्या हिवाळ्यात खचला का, हा खरा उत्तरभाग कोणत्याच रकान्यात उतरत नाही. तो लिहिणे हे लेखकाचे काम. पंचनाम्याकडून वस्तुनिष्ठा घ्यावी आणि तो जेथे थांबतो तेथून पुढे जावे, अशी आमची साधी अपेक्षा आहे.

आता आपल्या समाजातील लेखनाकडे वळू. आपल्याकडे संकटातून वाचल्याची हकिगत बहुधा 'साक्ष' या रूपात येते. तिचा साचा ठरलेला असतो. प्रारंभी संकट, मध्ये माळेची प्रार्थना किंवा एखाद्या संताचा धावा, शेवटी सुटका आणि उपकारस्तुती. यातील श्रद्धेविषयी आम्हाला काही म्हणायचे नाही. पाणी छातीपर्यंत चढलेले असताना ज्याच्या ओठी पवित्र मरीयेचे नाव आले, त्याने ते लिहिलेच पाहिजे. ते गाळले तर लेखन खोटे ठरेल. आमचा आक्षेप वेगळ्या जागी आहे. 'आम्ही प्रार्थना केली म्हणून प्रभूने आम्हाला वाचविले' हे वाक्य लेखक सहज लिहून जातो, तेव्हा शेजारच्या घराचे काय, हा प्रश्न तो वाचकाच्या मनात ठेवून जातो. शेजारच्या घरात प्रार्थना झाली नव्हती काय? त्या घरातील तान्हे मूल कोणत्या पापासाठी गेले? लेखकाला हे म्हणायचे नसते, हे आम्ही जाणतो. पण लिहिलेले वाक्य लेखकाच्या मनातील अर्थापाशी थांबत नाही. ज्या घरातील माणूस गेले, त्या घरीही आपला अंक जातो.

या बाबतीत शुभवर्तमान आपल्यापेक्षा कितीतरी कठोर आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोह येथील बुरूज कोसळून दगावलेल्या अठरा जणांचा उल्लेख प्रभू येशूने स्वतः केला आहे. ती माणसे यरुशलेमेत राहणाऱ्या इतरांहून अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असा प्रश्न तो करतो आणि लगेच नकारार्थी उत्तर देतो. त्याने बुरुजाचे कारण सांगितले नाही, मेलेल्यांचा हिशेब मांडला नाही. ऐकणाऱ्यांना मात्र स्वतःच्या जीवनाकडे वळायला सांगितले. पडलेल्या इमारतीविषयी कसे बोलू नये, याचा हा धडा आपल्या धर्मग्रंथातच आहे. तो आपल्या साक्ष-लेखनात उतरलेला आम्हाला क्वचितच आढळतो.

वादळाने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाची आपल्या परंपरेतील मोठी कथा मात्र जुन्या करारात आहे. ईयोबाचे मुलगे आणि मुली थोरल्या भावाच्या घरी जेवत असताना रानाकडून प्रचंड वारा सुटतो, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळतो आणि घर त्या तरुणांवर कोसळते. ही बातमी घेऊन एक गडी धावत येतो. त्याच्याआधी तीन संकटांच्या बातम्या घेऊन तिघे आलेले असतात, आणि चौघेही आपणच तेवढे निसटलो असे सांगतात. सांगण्यासाठीच उरलेला माणूस ही साहित्यातील फार जुनी व्यक्तिरेखा आहे, आणि तिचे पहिले रेखाटन येथे इतक्या कमी शब्दांत झाले आहे की आजच्या वृत्तलेखकाने त्याचा पाठ घ्यावा. पुढे तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते ईयोबाजवळ जमिनीवर बसून राहतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. त्या मित्रांच्या हातून घडलेली तेवढीच एक चांगली गोष्ट. नंतर ते बोलू लागतात आणि बिघडते. देव न्यायी आहे, म्हणून ज्याच्यावर संकट आले त्याने काहीतरी केले असले पाहिजे, हे त्यांचे तर्कशास्त्र. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर ज्यांच्यावर रागावतो ते हे मित्र. तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे तो योग्य ठरवितो. स्मरणिकेच्या संपादकांनी हे वचन टेबलाच्या काचेखाली ठेवावे, असे आम्हाला गमतीने पण मनापासून वाटते.

तथापि, कुटुंबाची कथा म्हणून पाहिले तर या महान ग्रंथातही काही रिकाम्या जागा आहेत, आणि त्या दाखविणे अश्रद्धपणाचे होणार नाही. शेवटी ईयोबाला सर्व काही दुप्पट मिळते. सात हजार मेंढरांची चौदा हजार होतात, तीन हजार उंटांचे सहा हजार. मुले मात्र दुप्पट होत नाहीत. पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच. भाविक भाष्यकारांनी याचा अर्थ असा लावला आहे की पहिली दहा मुले देवापाशी होतीच, ती हरवलेली नव्हती. म्हणून दुपटीचा हिशेब पुरा झाला. अर्थ सुंदर आहे. आणखीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नंतरच्या तिन्ही मुलींची नावे ग्रंथकाराने दिली आहेत. त्यांच्या बापाने त्यांना भावांबरोबर वतनात वाटा दिला, हेही नोंदविले आहे. वाऱ्यात गेलेल्या दहा जणांपैकी एकाचेही नाव नाही. आणि ती दहाही मुले जिने पोटी वाहिली, त्या ईयोबाच्या पत्नीच्या वाट्याला साऱ्या ग्रंथात एकच उद्गार येतो, तोही तिला कमीपणा आणणारा. नंतर ती कथेतून नाहीशी होते. त्या घरात आपत्तीनंतर चूल कोणी पेटविली, राखेत बसलेल्या नवऱ्याला पाणी कोणी दिले, हे आपल्याला कळत नाही. आमच्या भागातील पूरग्रस्त घरांच्या बातम्या वाचताना आम्हाला ही उणीव पुन्हा पुन्हा जाणवते. बोलतो कर्ता पुरुष, छायाचित्रात पुढे तोच असतो. आणि ओल्या धान्यातून निवडून निवडून खाण्याजोगे दाणे वेगळे काढणारी बाई पाठमोरी दिसते.

मराठवाड्यात आपत्तीविषयी बोलायचे आणि किल्लारीचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. तेथे वारा नव्हता, जमीन हलली. पण कुटुंबाच्या वाचण्याचे लेखन कसे व्हावे आणि कसे झाले, याची कसोटी आमच्या प्रदेशाला त्या घटनेनेच दिली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, वेळ तीन वाजून छपन्न मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक थकून झोपलेले. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि त्यांच्या आसपासची गावे काही क्षणांत ढिगारे झाली. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८. अन्यत्र तो साडेनऊ हजारांच्या वर सांगितला जातो. या तफावतीतही न लिहिल्या गेलेल्या कुटुंबांची गोष्ट असू शकते.

त्या काळी वृत्तपत्रांतून जे आले ते बहुतांशी पहिल्या पंधरवड्याचे लेखन होते. ढिगाऱ्यातून निघालेले मूल, सामुदायिक चिता, मंत्र्यांचे दौरे, मदतीच्या मालमोटारी. त्यातील कित्येक वार्ताहरांनी जिवाचे रान केले, हे मान्य करूनही आमचे म्हणणे असे की घटनेचा खरा आशय दोन्ही बाजूंनी कापला गेला: आधीचा आणि नंतरचा.

आधीचा भाग असा. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरात लहान धक्के वरचेवर बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चांगलाच मोठा होता. लोक घाबरले, काही काळ उघड्यावर झोपले, मग धक्के थांबले आणि माणसे पुन्हा घरात झोपू लागली. तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. एखाद्या कुटुंबाने 'आता पुरे झाले, आत झोपू' असे ठरविले तो दिवस, ते बोलणे, कोण हो म्हणाले आणि कोण नको म्हणाले, हे जर कोणी लिहून ठेवले असते, तर ढिगाऱ्याच्या शंभर वर्णनांपेक्षा ते अधिक हेलावून गेले असते. आणि ते घर तरी कसे होते? दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर फूट-दीड फूट मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, वर वाळवण घालायला आणि रात्री झोपायला जागा. पिढ्यांनी पावसापासून राखण्यासाठी ज्या छतावर दर साली मातीचा नवा थर दिला, त्याच छताच्या भाराने माणसे दबली. भिंतींचे दगड आरपार एकमेकांत गुंतविलेले नव्हते. आतला आणि बाहेरचा थर वेगळा झाला आणि भिंत फुटली. ही स्थापत्याची माहिती आहे, आणि कुटुंबाच्या शोकांतिकेचे मर्मही तेच आहे. ज्या गोष्टीने घर राखले, तिनेच घर मारले. इतके मोठे नाट्य समोर असताना लेखकांनी 'काळाने झडप घातली' असे का लिहावे, हे आम्हाला कळत नाही.

नंतरचा भाग याहून मोठा आहे. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरांचे आकार जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. जुन्या गावात घर मोजले जाई खणांत. सहा खणांचे घर, बारा खणांचा वाडा, ओसरी, ढाळज, परस, भिंतीतले बळद, भांडी ठेवायची देवळी. नव्या गावात मोजमाप चौरस फुटांचे झाले. आम्ही भाषेचे अभ्यासक म्हणून याकडे पाहतो, तेव्हा एका कुटुंबाने आपत्तीत काय गमावले, याचा हा सर्वांत स्वच्छ पुरावा वाटतो. भिंत पडली तर ती पुन्हा बांधता येते. 'ढाळजेत बसलो होतो' हे वाक्य ज्या घरात ढाळजच नाही तेथे कसे बोलणार? नव्या वसाहतींत सरळ रुंद रस्ते आले, पाणी आणि दिवे आले, पूर्वी गावाच्या कडेला ढकललेल्यांनाही आखलेला भूखंड मिळाला. हे सारे मोलाचे आहे आणि जुन्या गावाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ते विसरू नये. जुने गाव सर्वांसाठी सारखेच मायेचे नव्हते. पण गल्ली मोडली, शेजार विखुरला, शेत दूर गेले. दगडी भिंतीची धास्ती मात्र बसली, आणि लोक दगडाऐवजी सिमेंट-काँक्रीट मागू लागले.

लातूरचे अतुल देऊळगावकर यांचे 'डळमळले भूमंडळ' हे पुस्तक या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे वाटते. दौऱ्यावर येऊन परत जाणाऱ्याची नजर निराळी आणि त्याच जिल्ह्यात राहून वर्षानुवर्षे पाहणाऱ्याची निराळी. आपत्तीचे लेखन राहणाऱ्याने करावे, पाहुण्याने नव्हे, हे आमचे मत अशा लेखनामुळेच पक्के झाले आहे. मात्र तेही एका अभ्यासकाचे लेखन. अडीचशे चौरस फुटांत संसार मांडणाऱ्या एखाद्या घराने स्वतः, स्वतःच्या बोलीत लिहिलेली हकिगत त्याच्या शेजारी ठेवता आली पाहिजे. १९९३ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. त्याची आजी, जिला खणांचे घर पाठ होते, ती बहुधा आता नाही.

येथे एक परदेशी कादंबरी आम्हाला उपयोगी पडते. २००५ च्या २९ ऑगस्टला कतरिना वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आले. मिसिसिपीतील डीलाईल गावच्या जेस्मिन वॉर्ड या कृष्णवर्णी लेखिकेने आपल्या कुटुंबासह ते सोसले आणि पुढे 'सॅल्व्हेज द बोन्स' ही कादंबरी लिहिली. तिला २०११ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. बारा दिवसांची ही कथा. तीत वादळ येते ते पार शेवटी. तोवरच्या पानांतून आई नसलेले एक गरीब घर आपल्यासमोर उभे राहते: पाण्याच्या बाटल्या गोळा करणारा, फळ्या ठोकणारा बाप, ज्याच्याकडे मुले फारसे लक्ष देत नाहीत, भावंडांची भांडणे, एक कुत्री आणि तिची पिले. पाणी घरात शिरते तेव्हा त्या घरातील प्रत्येक वस्तू वाचकाच्या ओळखीची झालेली असते. आपले साक्ष-लेखक पहिल्याच ओळीत पाऊस सुरू करतात, आणि जे गेले ते काय होते हे सांगायला विसरतात. वॉर्ड यांची भाषा मात्र आम्हाला ठिकठिकाणी जड वाटली. उपमांची इतकी दाटी गरीब घराला झेपत नाही.

उलट टोकाचे उदाहरण तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. १७०३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडवर फार मोठे वादळ आले. 'रॉबिन्सन क्रूसो' पुढे ज्याने लिहिले, त्या डॅनियल डीफोने वृत्तपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून अनुभव मागविले आणि १७०४ साली 'द स्टॉर्म' हे पुस्तक काढले. त्याला पत्रे पाठविणाऱ्यांत गावोगावचे धर्मोपदेशक मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना कौतुकाची वाटेल. कोणी मोडलेली झाडे मोजली, कोणी पडलेली धुराडी, कोणी देवळाच्या छपरावरून उडालेले शिशाचे पत्रे. वेल्स येथील बिशप किडर आणि त्यांची पत्नी अंथरुणातच धुराडे कोसळून ठार झाली. डीफो स्वतः या वादळात देवाचा कोप पाहतो, आणि तेथे तो ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसतो. पण त्याची पत्रे त्याच्या प्रवचनापेक्षा मोठी ठरली आहेत. ती साध्या माणसांनी, पाहिले तेवढेच लिहिलेली आहेत.

मराठीत याहून उंच काही नाही काय? आहे, आणि ते ख्रिस्ती लेखणीतून उतरले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची परंपरा आपली कॅथलिक नव्हे. पण १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'ला वगळून मराठी ख्रिस्ती गद्याचा विचार होऊ शकत नाही. दुष्काळ, प्लेग, दारिद्र्य, मोडलेले आणि पुन्हा जुळलेले घर, सगळे त्यात आहे. आणि संकटाच्या ऐन भरातही बाईंची विनोदबुद्धी शाबूत आहे. आपल्या साक्ष-लेखनात हसणे जवळपास निषिद्ध मानले जाते. वास्तविक पुरातून वाचलेल्या कोणत्याही कुटुंबाला बोलते करा; दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला कोणीतरी हसतेच. माळ्यावर काय चढविले आणि काय खाली विसरले, याच्या गोष्टी निघतात. ते हसू छापील मजकुरात येत नाही, कारण अंकासाठी लिहायचे म्हटले की माणूस मिस्सेला जाताना घालायचे कपडे भाषेलाही चढवितो. लक्ष्मीबाईंनी ते केले नाही. त्यांच्या घरातील बाई पाठमोरी नाही. ती समोर बसून, आपल्याच शब्दांत बोलते.

आणखी एक प्रसंगोपात्त. २०२० च्या जानेवारीत त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे भरले, आणि त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. सास्तूर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात एक कॅथलिक धर्मगुरू मराठी साहित्याच्या अध्यक्षस्थानी असावा, हा योग आम्हाला त्या वेळी फार अर्थपूर्ण वाटला. फादर २०२४ च्या जुलैत निवर्तले. वसईच्या कॅथलिक समाजाने आपली बोली, वाड्या, लग्नगीते, विहिरी यांविषयी विपुल लिहिले आहे. मराठवाड्यातील आपली कुटुंबे एकमेकांपासून लांब, पुष्कळशी शेतावर आणि मजुरीवर जगणारी. त्यांचे लेखन तुलनेने फार थोडे आहे. पैनगंगेच्या काठचे शेत, इसापूर धरणातून पाणी सोडले की हदगाव-हिमायतनगरच्या नदीकाठाला उडणारी धांदल, अंधारात सोडविलेली जनावरे, हे सारे मराठी ख्रिस्ती साहित्यात अद्याप जवळजवळ आलेले नाही.

म्हणून जे लिहू इच्छितात त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. तारीख आणि वार लिहावा. 'गेल्या वर्षी' असे लिहू नये, कारण अंक दहा वर्षांनीही वाचला जातो. पाणी किती चढले हे भिंतीवरच्या किंवा अंगावरच्या खुणेने सांगावे. घरातील प्रत्येकाने काय केले ते त्या-त्या व्यक्तीला विचारून लिहावे, आधी आईला विचारावे. शेजारच्या घराचे काय झाले तेही लिहावे. मात्र दुःख झालेल्या घरातील माणसाचे नाव त्यांची अनुमती असेल तरच घालावे. प्रार्थना केली असेल तर कोणती, कोणी सुरू केली, मध्येच थांबली असल्यास कशामुळे, हेही सांगावे. आपत्तीनंतरच्या पहिल्या नाताळाची हकिगत आवर्जून द्यावी. गोठा कशाचा केला, फराळ झाला की नाही. लेख लगेच पाठविण्याची घाई नसावी. निदान एक पीक हाती येऊ द्यावे, आणि पंचनाम्याची प्रत घरात असेल तर लिहिताना ती समोर ठेवावी.